नदीकाठची हाळी

गेली दोन वर्षं मी इथले अनुभव नुसते वाचतोय. विश्वास ठेवून नाही... झोप येईपर्यंत वेळ जावा म्हणून. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. होस्टेलवर कुणी भुताची गोष्ट काढली की हसणाऱ्यांत मी पहिला असायचो. आमच्या घरात कॉलेजला जाणारा मीच पहिला, त्यामुळे लिहिण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्या. पण जे ऐकलं ते ऐकलं — त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आमचं गाव जत तालुक्यात. मेंढरं आणि थोडी कोरडवाहू ज्वारी. गेल्या ऑक्टोबरमध्ये माझा रूममेट ओंकारने कॅम्पिंगचं काढलं. तो कडेगावचा, घरचा ऊस. जागा पाटणच्या वर जंगलात, कोयनेला मिळणाऱ्या एका छोट्या नदीच्या काठी. तिथल्या गावचे दगडूमामा ती बघतात. तीन दगडांची चूल, पत्र्याचा संडास, बास. तंबू मित्राचा मागून आणलेला, तांदूळ आणि शेंगदाण्याची चटणी घरची.

घरी मी सांगितलं, कॉलेजची सहल आहे. खोटं बोललो. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला बजावलेलं होतं — "तू सरळ ऱ्हायलास तर रेणूलाबी कॉलेजात घालीन. न्हाईतर बारावी झाली की तिचं लगीन." रेणू माझी धाकटी बहीण. पण खरं सांगितलं असतं तर आप्पा म्हणाले असते, "पालं ठोकून ठोकून आमच्या कंबरा गेल्या, आन् तू हौसेनं पालात झोपाय निघालास व्हय?"

पोचल्यावर दगडूमामा म्हणाले, "वर जांभळीखाली तंबू लावा, पोरांनो." पण खाली पाण्यालगत वाळूचा सपाट पट्टा होता. मीच ओंकारला म्हणालो, इथे मऊ आहे, इथेच लावू. आमच्याकडे ओढा म्हणजे गाडीवाट. त्यात पाणी कधी येईल, हा विचार आमच्या डोक्यात येतच नाही. संध्याकाळी भात खाल्ला आणि झोपलो. पावसाचा थेंबही नव्हता.

सकाळी चांगलं उजाडल्यावर मला जाग आली ती हाळीने. मेंढरांना घालतात ती हाळी. पाण्यावर न्यायची, घराकडे वळवायची, आमच्या सगळ्या हाळ्या मला झोपेतही ओळखू येतात. ही वेगळी होती. खालच्या सुरात लांब "हूऽऽर्र", मग जिभेचे दोन टोले, आणि शेवटी आवाज वर चढून मोडायचा — काहीतरी विचारल्यासारखा. चढावरून येत होती. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा... मी का उठलो ते सांगता येणार नाही. वाकळ गुंडाळली, सॅक उचलली आणि ओंकारचा पाय ओढला.

"ऊठ. वरनं कळप चाललाय."

"कसला कळप? मला तर कायबी ऐकू येईना. येडा झालास का रं?"

"चल म्हणतो न्हवं!"

"मेंढरं दावाय एवढ्या लांब आणलंस व्हय, गड्या? तुज्या घरीच आलो असतो की!"

शिव्या देत, चप्पल न घालताच तो माझ्यामागे आला. आम्ही जांभळीपर्यंत चढलो. एकही मेंढरू नव्हतं. लेंडी नव्हती, खुराचा ठसा नव्हता. ओंकार हसायला लागला... आणि मधेच थांबला. खाली वाळूच दिसत नव्हती. तांबडं पाणी वाहत होतं, आणि आमचा तंबू पार पलीकडे एका फांदीला अडकला होता.

दगडूमामा धावत आले. वरच्या डोंगरात परतीचा पाऊस झाला होता. मी त्यांना मेंढरांचं विचारलं.

"मेंढरं? हितल्या पावसात खुरं सडत्याल त्यांची. हितं म्हशी आस्त्यात, बाबा. पर तुमी वर कसं काय आलासा?"

मला पोहता येत नाही.

ती हाळी कुणाची, हे एकच माणूस सांगू शकला असता. आणि त्याला विचारायचं तर खोटं कबूल करावं लागणार होतं. रेणूचा चेहरा डोळ्यांसमोर यायचा. आठ दिवस धीर झाला नाही. शेवटी शनिवारी संध्याकाळी घरी गेलो. आप्पा मेंढरांभोवती जाळी लावत होते. सगळं सांगितलं. ते मेखा ठोकतच राहिले. मग मी म्हणालो, "आवं आप्पा, हाळी अशी हुती..." आणि काढून दाखवली.

बसलेली मेंढरं उठली. सगळी. तोंडं माळाच्या चढाकडे.

आप्पांचा हात थांबला. "परत काढ."

मी परत काढली.

"ही माज्या बाची," ते म्हणाले. "किस्ना नदीच्या पात्रात कळप बसला आन् पाणी वाढाय लागलं, तरच काढायचा त्यो. तुज्या जल्माआदी त्यो गेला, आन् आमी नदीकडं जायचं सोडलं. मी कवा काढलीच न्हाई. त्यो शेवटचा हेल मला जमायचाच न्हाई..."

जाळीतली मेंढरं आमच्याच माळावर जन्मलेली. नदी त्यांनी कधी पाहिलेली नाही.

मग आप्पा म्हणाले, "खोटं बोललास."

"व्हय."

"परत बोलू नगंस." ते पुन्हा मेख ठोकायला लागले. "रेणूला म्हणावं, अभ्यास कर. तिचं कॉलेजचं ठरल्यालं हाय. आन् तू आदी पवाय शीक."

ओंकार म्हणतो, लहानपणी कुठेतरी ऐकली असशील. कुणाकडून? आप्पांनाच जी जमत नव्हती, ती मला कोण शिकवणार? आणि मेंढरांना कोण? पोहायला मात्र शिकतोय.