मागच्या वावराची वाट

सत्यशीलाबाईंचं वावर गावापासून फार लांब नाही, पण तिथं जायचं तर दोन परक्या शेतांतून जावं लागतं. रस्त्याला लागून प्रेमसिंगचं, त्याच्यामागे त्याचा चुलतभाऊ उत्तमसिंगचं, आणि शेवटी नाल्याला टेकलेलं बाईंचं. दारव्हा तालुक्यात अशी वावरं कितीतरी आहेत. हे तिन्ही तुकडे पूर्वी एकाच मालकाचे होते. सत्यशीलाबाईंचे सासरे डोमाजी यांनी मागचा तुकडा प्रेमसिंगच्या आजोबांकडून विकत घेतला, तेव्हा रस्त्याबद्दल कोणी लिहून घेतलं नाही. धुऱ्याला, म्हणजे बांधाला धरून बैलबंडी जायची, ती जात राहिली.

नवरा गेल्यावर बाईंनी वावर स्वतः केलं. मुलगी प्रियंका अमरावतीला नर्स होती. ती म्हणायची, "आई, वावर ठोक्यानं देऊन टाक, वर्षाचे पैसे घे अन् इकडं ये." बाई हसायच्या. चांगली काळी जमीन होती. कापसात तुरीच्या ओळी घातल्या की त्यांचं वर्ष निघत होतं आणि कोणापुढे हात पसरावा लागत नव्हता.

भांडण सुरू झालं ते त्यांच्यावरून नव्हे. उत्तमसिंगला रस्त्याकडच्या विहिरीवरून स्वतःच्या वावरात पाइप न्यायचा होता आणि मधे प्रेमसिंगची जमीन होती. प्रेमसिंग नाही म्हणाला. शब्दाला शब्द वाढला, आयाबहिणींपर्यंत गेला, आणि एका सकाळी प्रेमसिंगने जेसीबी आणून बंडीवाट आडवी खोदून टाकली. माणूस उडी मारून जाईल, बैल जाणार नाही, एवढी खोल नाली.

उत्तमसिंगने तहसीलमध्ये अर्ज केला. वहिवाटीचा रस्ता अडवला, तो मोकळा करून द्या. मंडळ अधिकारी पाहणीला आले तेव्हा निम्मं गाव नालीच्या काठावर जमलं होतं.

"इथून पूर्वीपासून बंडी जात होती, असं कोण सांगतं?" त्यांनी विचारलं.

प्रेमसिंगचं ट्रॅक्टर गावात सगळ्यांना लागत होतं. जो तो आपल्या चपलेकडे पाहू लागला.

"मी सांगते," सत्यशीलाबाई पुढे झाल्या. "माह्या सासऱ्याची बंडी इथूनच जाय. मी लगन होऊन आली तवापासून पाहून राह्यली."

"बाई, इचार करून बोला," प्रेमसिंग म्हणाला.

"त्याच्यात इचार कायचा? होता रस्ता तं होता."

त्यांनी पंचनाम्यावर सही केली. परतताना उत्तमसिंगने हात जोडले. "वैनी, तुमचे उपकार. रस्ता मोकळा झाला का तुमची बंडी माह्या वावरातून जाईन. माहा शब्द आहे."

हुकूम उत्तमसिंगच्या बाजूने झाला. पण अर्ज त्याचा, म्हणून रस्ताही त्याच्याच धुऱ्यापर्यंतचा. बाईंना ते कळलं होतं, पण शब्द मिळाला होता. शिवाय आपण खरं बोललो, याचं त्यांना बरं वाटत होतं.

उन्हाळ्यात प्रेमसिंगच्या मुलीचं लग्न निघालं. भाऊबंदाशिवाय मांडव कसा शोभेल, म्हणून त्यांच्या बंजारा तांड्यातल्या जाणत्यांनी दोघांना समोरासमोर बसवलं. दोघं गळ्यात पडून रडले. नाली बुजली. पाइपही गेला. वाटेच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसलं. एक किल्ली प्रेमसिंगकडे, दुसरी उत्तमसिंगकडे.

पेरणीच्या आधी बाई साजिदचं ट्रॅक्टर घेऊन आल्या, तर फाटकाला कुलूप. साजिद मेकॅनिकचं कामही करायचा आणि भाड्याने ट्रॅक्टरही चालवायचा. त्याने हॉर्न वाजवला. आतून उत्तमसिंग आला, पण त्याने कुलूप काढलं नाही.

"किल्ली आणा ना, भाऊ," बाई म्हणाल्या.

"वैनी, प्रेमसिंग नाही म्हणून राह्यला. आता कुठं आमचं जमलं. पुन्हा काहून खराब करू?"

"तुमी शब्द देल्ता."

"मले घर सांभाळा लागते."

साजिद खाली उतरला. "काका, या बाईनं गवाही दिली नसती तर तुम्हीच बाहेर उभे असते."

उत्तमसिंग मान खाली घालून परत गेला. साजिदने भाडं घेतलं नाही. ट्रॅक्टर वळवताना तो मोठ्यानं शिव्या देत होता.

मग त्यांनी स्वतः अर्ज केला. तारखेमागून तारखा झाल्या. कधी साहेब दौऱ्यावर, कधी समोरचा वकील गैरहजर. शेवटी पाहणी झाली आणि साक्षीला उत्तमसिंग उभा राहिला. खोटं काही तो बोलला नाही.

"बंडी माह्या धुऱ्यापर्यंत येत होती," तो म्हणाला. "मागं पायवाट होती. माणसं जात."

मग डोमाजींची बंडी त्याच्या धुऱ्यापासून पुढे खांद्यावर उचलून नेत होते का, हे त्याला कोणी विचारलं नाही. गावातल्या ज्यांनी ती बंडी पाहिली होती, ते त्या दिवशी आलेच नाहीत. बाईंना नाल्याच्या काठाने रस्ता मंजूर झाला. कागदावर तो रस्ता होता. जमिनीवर दिवाळी होऊन जाईपर्यंत तिथे गुडघाभर चिखल असायचा. वर अपील केलं, तेही तारखांत अडकलं.

दोन हंगाम त्यांनी बियाणं आणि खत डोक्यावर नेलं. कापूस फुटला तेव्हा वेचायला बाया यायला तयार नव्हत्या. गाठोडं घेऊन चिखलातून कोण चालणार? पऱ्हाटीवर कापूस लोंबत राहिला, मग अवकाळी पावसाने काळा पडला. एकदा त्या नाल्यात घसरल्या आणि मनगट मोडलं. प्रियंका येऊन त्यांना घेऊन गेली.

त्या अमरावतीला असताना प्रेमसिंगच्या मुलाचा, सोनूचा फोन आला. "काकू, वावर पडीक राहून राह्यलं. मले ठोक्यानं द्या ना."

प्रियंकाने आईकडे पाहिलं. दुसरं कोणी ते वावर घ्यायला तयारच नव्हतं. तिथे जायला वाट फक्त त्या लोकांकडे होती. बाईंनी हो म्हटलं.

गावी परतल्यावर त्या एकदा पायी तिकडे गेल्या. फाटक सताड उघडं होतं. धुऱ्यावर ट्रॅक्टरच्या चाकांचे ताजे वळ उठले होते, थेट त्यांच्या वावरापर्यंत. सोयाबीन छान आलं होतं. सोनूने लांबूनच हात केला, "या ना काकू!" त्या आत न जाता माघारी फिरल्या.

यंदा फेब्रुवारीत तांड्यातली उज्ज्वला त्यांच्या दारी आली. तिच्या दिराने तिच्या वावराची वाट काटे टाकून बंद केली होती. पाहणी ठरली होती.

"मावशी, तिथून बंडी जात होती हे तुमाले मालूम आहे. तुमी खरं बोलता, सारं गाव म्हणते. साक्ष देसान का?"

"जात होती," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "मी पाह्यली आहे. पण मी नाही येत."

"काहून, मावशी?"

त्यांनी सूप घेतलं आणि तूर पाखडू लागल्या. उज्ज्वला काही वेळ उंबऱ्याशी उभी राहिली, मग पदर सावरून निघून गेली. तिला साधं पाणीही विचारलं नाही, हे बाईंच्या मागाहून लक्षात आलं.