बंबातला राजमा

मला बोधगयेला जायचं होतं. विहारातल्या बायकांनी सहल काढली होती. नाशिक रोडहून गाडी, आधी सारनाथ, मग बोधगया, सगळं मिळून दहाएक दिवस. लग्न झाल्यापासून माहेर सोडलं तर मी कुठे एकटी राहिले नव्हते, आणि तो पिंपळ कॅलेंडरवर बघून बघून माझ्या डोळ्यांत बसला होता. विहारात विषय निघाला त्याच दिवशी मी नाव देऊन टाकलं. घरी सांगितलं नाही, एवढंच.

अडचण एकच, आमचे हे. माणूस चांगला, पण जेवणाचा हट्टी. ताटातून वाफ निघाली पाहिजे. कँटीनमधलं निवलेलं खाणार नाहीत, रोज दुसऱ्याच्या घरी जेवायला लाजणार, आणि गॅसला तर हातच लावणार नाहीत. एकदा लायटर उशिरा पेटून भपकन जाळ झाला, अर्धी भुवई गेली, तेव्हापासून गॅस म्हटलं की हे दोन पावलं मागे. नोकरी कुठे, तर एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात, तीही बॉयलरवर. तिथे एवढा मोठा विस्तव सांभाळायचे आणि घरी दूध उतू जायला लागलं की मला हाका मारायचे. मुलं दोन्ही पुण्याला शिकायला. मग मी गेले तर ह्यांच्या पोटाचं काय, इथे सगळं अडलेलं.

त्याच सुमारास नाशकात एक नवं मोठं सुपरमार्केट निघालं होतं. आपणच टोपली घेऊन फिरायचं, हवं ते उचलायचं. शेजारच्या वहिनी मला बघायला घेऊन गेल्या. घ्यायचं काहीच नव्हतं, खरं तर आम्ही एसीची गार हवा खायला गेलो होतो. तिथे एका फळीवर खोकी मांडलेली, राजमा, छोले, पालक पनीर, डाळ. मी एक हलवून बघितलं तर आत डुचमळलं. वहिनी म्हणाल्या, अहो, आतलं शिजवलेलंच असतं. पाठीमागे हिंदीत लिहिलं होतं, ते अक्षर अक्षर लावून वाचलं. आतली चांदीसारखी पिशवी न फोडता उकळत्या पाण्यात ठेवा, काढा, कापा, खा. फ्रीजसुद्धा नको. मी ते उभ्याउभ्या पुन्हा पुन्हा वाचलं आणि खरं सांगते, अंगावर काटा आला. ना फोडणी, ना ढवळणं, ना करपायची भीती. वहिनी पुढे साबणांकडे गेल्या तरी मी आपली तिथेच. लोकांना राजमा दिसत असेल, मला बोधगयेचं तिकीट दिसत होतं.

घरी येऊन खोकी ह्यांच्यापुढे ठेवली आणि सहलीचंही एका दमात सांगून टाकलं. मला वाटलं, आता चिडणार. पण हे पिशवी उलटीपालटी करून बघत बसले आणि हळूहळू त्यांचा चेहरा असा काही खुलला, की बस. म्हणाले, म्हणजे अन्नाला जाळ लागतच नाही, आच सगळी पाण्यातून जाते, आमच्याकडे तेच तर चालतं. मग वाफ काय, नळ्या काय, दाब काय, चहा गार होईपर्यंत मला शिकवत होते. मी आपली मान हलवतेय. पण गॅस कोण पेटवणार म्हटलं, तशी पिशवी हळूच खाली ठेवली.

तेवढ्यात माझं लक्ष मागच्या दारी गेलं. तिथे आमचा तांब्याचा बंब. मधल्या नळीत लाकडाच्या ढलप्या पेटवायच्या, भोवतीचं पाणी तापतं, ते खालच्या तोटीने काढून आंघोळ करायची. घरातला तेवढा एकच विस्तव ह्यांच्या ताब्यात. सकाळी बंब पेटवायचं काम त्यांचं, दुसऱ्या कुणाला ढलपीसुद्धा घालू द्यायचे नाहीत. झाकणही चांगलं रुंद.

"अहो, बंबात सोडली तर?" मी म्हणाले.

हे हसले नाहीत. उठले आणि सुतळी शोधायला लागले.

ठरलं असं, की रविवारी सगळं ह्यांनी करायचं आणि मी खुर्चीत बसून राहायचं. जमलं तर मी जाणार, नाही जमलं तर विहारात जाऊन नाव काढून घेणार. उत्साहाच्या भरात मीच तसं बोलून बसले होते.

रविवारी बंब असा रसरसला, की झाकण वाजायला लागलं. ह्यांनी पिशवीला सुतळी बांधून आत सोडली, टोक कडीला अडकवलं. मग आंघोळ करून आले, पिशवी काढली, कात्रीने कापली, ताटात राजमा ओतला. शेजारी पाव. मी वाफेची वाट बघतेय, आणि वाफ काही निघेना. ह्यांनी बोट बुडवून बघितलं.

"कोमट आहे गं. दहा दिवस असलं नाही खाववणार मला. तू नाव काढून घे."

रागावले असते तर मीही चार शब्द बोलले असते. पण हे अगदी हळू आवाजात म्हणाले. तरी मला पटेना. पाणी उकळत असताना पिशवी आत गेलेली मी डोळ्यांनी बघितली होती. मी उठले, तोटी सोडून खाली हात धरला. पाणी कोमट, आणि नळीत जाळ तर चांगला धगधगतोय.

तेव्हा कुठे उलगडा झाला. आमच्या घरात एक नियम, आणि तोही मीच घातलेला. गरम पाण्याची एक बादली काढली, की गार पाण्याची एक बादली वरून बंबात ओतायची, म्हणजे मागून येणाऱ्याची आंघोळ अडत नाही. त्यावरून मी मुलांना ओरडायचे, ह्यांनाही सोडलं नव्हतं. त्यात रविवार, डोक्यावरून आंघोळ, म्हणजे दोन बादल्या.

"तुम्ही राजम्यावर गार पाणी ओतलंत?"

"मग काय करू? नाही ओतलं की बोलणी कोण खातं?"

मला हसू आवरेना. भिंतीला धरून हसले. मग हेही हसायला लागले. मी म्हटलं, आधी पिशवी काढा, मग पाणी ओता. तर म्हणतात, पारोसं जेवू की काय मी? म्हटलं, अहो, टॉवेलात गुंडाळून ठेवा आणि जा आंघोळीला, राजमा काही पळून जात नाही.

जाळ होताच. त्याच जाळावर छोले सोडले. पाण्याला पुन्हा उकळी येईपर्यंत आम्ही दोघं बंबासमोर पाटावर बसून, एखाद्याचा निकाल लागायचा असावा तसे. पिशवी कापली आणि काय सांगू, अशी वाफ उसळली, की ह्यांचा चष्मा पांढरा झाला. पुसायचंही सुचलं नाही त्यांना, तसेच जेवायला बसले. ताट पावाने पुसून घेतलं आणि मग म्हणाले, "तू जा. छोले मात्र जास्त आणून ठेव."

बोधगयेला पोचल्या पोचल्या मी एसटीडी बूथवरून घरी फोन लावला. मागे कालवा ऐकू येत होता. बंबाची युक्ती मी विहारात सांगितली होती, त्यामुळे आमच्या सहलीतल्या बायकांचे नवरेही आपापली खोकी घेऊन आमच्या मागच्या दारी जमले होते. खोक्यातून काढल्यावर सगळ्या पिशव्या सारख्या, त्यामुळे एकाची डाळ दुसऱ्याने खाल्ली आणि भांडण आमच्या अंगणात. आता हे प्रत्येकाच्या सुतळीला वेगळी गाठ मारून देतात म्हणे. मी विचारलं, जेवण नीट होतंय ना, झोप लागते ना. तर ह्यांना घाई.

"अगं, पाणी उकळलंय, सगळे थांबलेत. तू तुझं झाड बघ निवांत."

आणि ठेवलासुद्धा फोन. मी चपला काढल्या आणि पिंपळाकडे गेले. वाऱ्याने पानं हलत होती, एक माझ्या पुढ्यात पडलं. बाकीच्या बायका हाका मारेपर्यंत मी तिथे बसून होते, आणि घरी कुणाच्या जेवणाची वेळ झाली असेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.