डोहात पडलेलं जाळं

आमच्या घराला वास येतो, असं माहेरची माणसं माझं लग्न ठरतानाच म्हणाली होती. खोटं नव्हतं. सासरे गावाबाहेरच्या पाझर तलावात जाळं टाकायचे, सासू अन् मी नळदुर्गच्या हायवेवर पाटी घेऊन बसायचो. उंबऱ्याला, पदराला, पोरांच्या दप्तराला मासळीचा वास. सुरुवातीला मी साबण घासून घासून हात सोलून घेतले, मग नाद सोडला. ढाबेवाले आंध्राची बर्फातली मासळी सोडून आमच्या पाटीशी थांबायचे, तेव्हा बरंही वाटायचं.

तळं लहान. त्यात कुणी माशांचं बीज सोडलेलं नाही, आणि वरून मासा वाहत येईल असं दुसरं तळंही नाही. जे होतं ते तिथलंच, आणि ते टिकलं होतं सासऱ्यांच्या एका नेमामुळे. तळ्याच्या पोटात एक जुनी विहीर बुडालेली आहे, तिथं खोल डोह. उन्हाळ्यात पाणी आटत तेवढ्यापुरतं उरलं की मोठे मासे तिथं गोळा होतात. आखितीपासून ओढ्याला पहिलं पाणी येईपर्यंत त्या डोहात जाळं पडायचं नाही. सासऱ्यांच्या वडिलांनीही कधी टाकलं नव्हतं. ते दिवस आम्ही रोजगाराला जायचो, चटणी-भाकरी खायचो, पण डोहाला हात लावायचो नाही. तिथल्या माद्या जगल्या तरच पुढच्या वर्षी आमची चूल पेटणार, हे पोरांनाही ठाऊक होतं.

गेल्या वर्षी पावसानं पाठ फिरवली आणि यंदा आखितीलाच पाणी डोहात जाऊन बसलं. काठच्या शेतकऱ्यांनी मोटारींचे पाइप लांबवत लांबवत थेट डोहात सोडले. सासरे हात जोडून बांधाबांधानं फिरले. "हिरीपुरतं तरी ऱ्हाऊ द्या," म्हणाले. एकानं तोंडावर सुनावलं, "हितं डाळिंब जळायलंय अन् तुमी माशाचं काय घिऊन बसलाव?" त्याचीही झाडं मरत होती, कळतं मला. पण राग यायचा तो आलाच. दुसऱ्याच्या शेततळ्यात मासे नेऊन सोडावेत म्हटलं, तर तळाची प्लास्टिकची पन्नी फाटेल म्हणून त्यानं हात झटकले.

मी सासऱ्यांना म्हणाले, "मामा, मरायच्या आधी काढू. इकून तरी टाकू."

"पोटात अंडी हायती त्यांच्या. आभाळ भरायलंय. चार रोज कळ काढ."

"अन् न्हाय पडला तर?"

ते उठून डोहाकडं निघून गेले.

आभाळ आलं खरं, पण नुसतं दाटून राहिलं. वारा पडला. त्या उकाड्यात मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. सासरे आत उतरले आणि घमेल्यानं पाणी उचलून उंचावरून ओतू लागले, पाण्यात तेवढीच हवा जावी म्हणून. ते दमले की मी, मी दमले की सासू. दिवस मावळेपर्यंत हेच. सकाळी गेलो तर डोहात पांढरी पोटंच पोटं. सगळी अंड्यांनी टम्म फुगलेली.

मला रडू आलं नाही, चीड आली. मोटारवाल्यांची, आभाळाची आणि खरं सांगायचं तर सासऱ्यांचीही. वेळेवर काढले असते तर चार पैसे तरी झाले असते, असं तेव्हा वाटलं. आजही कधीकधी वाटतं. आणि काढले असते तर ते माझे सासरे राहिले नसते, असंही वाटतं.

दुपारपर्यंत गुरं पाण्याला तोंड लावेनात. एक गुराखी काठावरून ओरडला, "आवो, काढा की ती घाण!" तेव्हा सासऱ्यांनी जन्मात पहिल्यांदा आखितीनंतर डोहात जाळं टाकलं. मेलेलं काढायला. आम्ही तळ्याच्या चिखलात खड्डा करून सगळं पुरलं. सासूनं पाट्या वाहिल्या.

पाऊस मग आला, धो धो आला. तळं भरलं. गावानं नारळ फोडला, मोटारवालेही हसत होते. पाणी निवळल्यावर सासरे थर्माकोलच्या तराफ्यावर बसून रोज जाऊ लागले. जाळ्यात कधी शेवाळ यायचं, कधी एखादी चप्पल. पाटी घरात पालथी पडली, ढाबेवाले आंध्राच्या गाडीवर गेले, सासू अन् मी सोयाबीन काढायला जाऊ लागलो. तरी ते जाऊन यायचे आणि जाळं धुऊन, झटकून बाभळीवर वाळत घालायचे.

परवा मात्र त्यांनी ओलं जाळं तसंच कोपऱ्यात टाकलं आणि भिंतीला टेकून बसले. सासू चुलीपासून म्हणाली, "आवो, वाळत घाला की. तसंच ठिवलं तर वास मारंल."

"कशाचा?" ते म्हणाले.