गाळातली मरळ

मरळ तळल्याचा वास आला की अजून माझं तोंड कडू होतं. तेव्हा निजामाचं राज्य जाऊन नवा अंमल आला होता. गावच्या तलावात मासा असेल तरच भोयांचा मासेमारीचा हक्क राहणार होता, म्हणून एक साहेब पाहणीला आला. थंडीत काठावर गळ टाकून बसला, काही लागलं नाही.

"मासा नाहीच," तो म्हणाला.

"साहेब, हिवाळ्यात मासा खोल गाळात बसते. काठावर काऊन येईन?" भोयांची गिरजाबाई म्हणाली.

साहेब हसला. मी त्याचा नवा कारकून, त्याच्याहून मोठ्यानं हसलो.

गिरजाबाई छातीभर पाण्यात उतरली. गाळ चाचपून तिनं टोपलीभर मरळ काढली. तिचे ओठ निळे पडले होते. साहेबानं टोपली जीपमध्ये ठेवली आणि 'मासा नाही' असंच लिहायला सांगितलं.

मी लिहिलं, तेही वळणदार अक्षरात. आज साहेबापेक्षा माझीच जास्त घाण वाटते.