न पोचवलेला निरोप

मला चार परक्या भाषा येतात असं कळलं की लोक आधी माझ्या पायाकडे बघतात. ही कुठे गेली असेल शिकायला, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो. कुठेच गेले नाही. लहानपणी पोलिओ झाला, उजवा पाय तसाच राहिला आणि बारावीनंतर अपंगांच्या कोट्यातून मला एसटीडी-आयएसडीचा बूथ मिळाला. नाशिकला, गंगापूर रोडच्या एका गल्लीत, योगाच्या एका शाळेसमोर. नव्वदीचं दशक होतं. देशोदेशीची माणसं तिथे योग शिकायला यायची, सहा महिने, वर्षभर राहायची, आणि घरची आठवण आली की सगळ्यांना माझ्याच टपरीत यावं लागायचं.

लाईन कधी पाच मिनिटांत लागायची, कधी तासाने. तेवढा वेळ ती माणसं माझ्यासमोरच्या बाकावर बसून असत आणि मला गप्प बसवत नाही. अर्जेंटिनाचा एक दाढीवाला मिसळ खाऊन नाक पुसत यायचा. त्याने मला स्पॅनिश शिकवली, म्हणजे सुरुवात शिव्यांपासून केली. एक जपानी बाई शेजारच्या गाडीवरचे पेरू मला तिच्या भाषेत मोजायला लावायची, आणि चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. फार्मसी शिकणारे दोन इराणी भाऊ होते. त्यांच्या फारसीत दरवाजा, बाजार, हप्ता ऐकलं तेव्हा मी म्हटलं, हे तर आमच्या घरातलंच सामान आहे. सगळं एकदमच चाललेलं, त्यामुळे डोक्यात नुसती खिचडी. वाक्य जर्मनमध्ये सुरू करायचे आणि जपानीत नेऊन सोडायचे. दाढीवाला विचारायचा, ही कोणत्या देशाची भाषा? मी म्हणायचे, नाशिकची. व्याकरण मला आजही विचारू नका.

जर्मन मात्र नीट आली, कारण ती मैत्रिणीची भाषा होती. माझ्याच वयाची होती ती. एका वर्षासाठी आली आणि तीन वर्षं राहिली. आमचा मळा मखमलाबादला. तिथली फुलं घेऊन माझी आई रोज बूथच्या पायरीवर बसायची, आणि ही लांबलचक पाय दुमडून तिच्याशेजारी शेवंतीचे हार ओवायची. ओवता ओवता मराठी शिकली. आईकडून शिकली, म्हणून तिच्या तोंडी 'लय' आणि 'नाय'. गोरीपान बाई भाजीवाल्याला "लय महाग लावतो" म्हणायची तेव्हा आख्खी गल्ली हसायची.

तिची आई दर रविवारी दुपारी चारला फोन करायची. जर्मन माणसं वेळेची पक्की म्हणतात, पण ही वेळेवर येईल तर शपथ. ती येईपर्यंतची दहा मिनिटं तिची आई माझ्याशी बोलायची. मला कळावं म्हणून सावकाश, एकेक शब्द सुटा करून. मी चुकले की हसायची नाही, फक्त तेच वाक्य बरोबर करून पुन्हा म्हणायची. तुझा पाय थंडीत दुखतो का, हे तिने मला जितक्या वेळा विचारलं तितक्या वेळा माझ्या सख्ख्या आत्यांनी विचारलं नसेल. एकदा आम्ही तिला गुळांबा पाठवला. तो तिने पावाला लावून खाल्ला आणि पुढच्या रविवारी माझ्या आईला निरोप दिला की असलं काही तिने जन्मात खाल्लं नव्हतं. तिला मी कधी पाहिलं नाही. माझं जर्मन बोलणं तिच्यासारखं आहे असं मैत्रीण म्हणायची, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला फोन वाजला. त्यांच्याकडे पहाट असणार. फोनवर मैत्रिणीचे वडील होते. ते कधी फोनवर येत नसत. त्यांनी मी कोण ते विचारलं, मग सांगितलं की काल संध्याकाळी त्यांची बायको गेली. हृदय बंद पडलं, दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही. एकेक शब्द मला कळला. तिनेच शिकवलेले शब्द होते. ते म्हणाले, मुलीला सांगा आणि मला फोन करायला सांगा. मी म्हटलं, सांगते.

फोन ठेवून मी पायरीवर आईला सांगितलं. तिच्या हातातला हार मांडीवर पडला. मग ती म्हणाली, "सांगू नको."

"अगं, तिच्या वडिलांनी सांगितलंय."

"त्यांना काय जातंय सांगायला? दोन दिवसांचा प्रवास हे. एकटी पोर, इमानात कोण धरील तिला? आजारी हे, निघ, एवढंच सांग. घरी चार माणसं असतील, ती सांभाळतील."

मला ते पटलं. आपल्याकडे असंच करतात. माझे वडील गेले तेव्हा मी तेरा वर्षांची होते, सटाण्याला मावशीकडे. मावशीचे यजमान त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "तुन्हा बापले जरा बरं नही शे, चाल घर." एसटीत त्यांनी मला भजी घेऊन दिली. मी ती सगळी खाल्ली. घरासमोर चपलांचा ढीग दिसला तेव्हा कळलं. पण त्या तीन तासांत माझे वडील जिवंत होते, आणि ती माया आहे असंच मी समजत आले होते. मला ते तीन तास हवे होते का, हे कोणी विचारलं नव्हतं. तेव्हा मलाही तो प्रश्न पडला नाही.

तासाभराने मैत्रीण आली. मी तिला सांगितलं, तुझी आई खूप आजारी आहे, दवाखान्यात आहे, लगेच निघ. ती पांढरी पडली. म्हणाली, फोन लाव. आता काय करणार? तिच्या घरचा नंबर मला पाठ होता. मी शेवटचा आकडा मुद्दाम चुकवला. कुठल्या तरी परक्या घरात घंटी वाजत राहिली, कोणी उचललं नाही. मी म्हटलं, सगळे दवाखान्यात असतील. तू थांबू नकोस, मी फोन करत राहते, माझ्यावर सोड. तिने माझ्यावर सोडलं.

दुपारी तिला मुंबईची टॅक्सी करून दिली. आईने गुळांब्याची बरणी आणली. तिनेच सांगितलेलं ना, सांगू नको म्हणून? मग रिकाम्या हाताने पाठवली तर हिला शंका येईल, असा तिचा हिशेब. गेलेल्या बाईसाठी माझी आई खाली मान घालून बरणीच्या तोंडाला फडकं बांधत होती आणि मैत्रीण म्हणत होती, "हे खाल्लं की ती बरी होईल." आम्ही दोघींनी ताकास तूर लागू दिली नाही. मला हंबरडा फोडावासा वाटत होता. माझंही माणूस गेलं होतं आणि मी हसून हात हलवत उभी होते.

संध्याकाळी तिच्या वडिलांचा पुन्हा फोन आला. सांगितलं का? मी म्हटलं, हो, ती निघाली आहे. हे खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

त्यानंतर बूथ आणखी सात-आठ वर्षं चालला. मग ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल आले आणि बूथ बंद झाला. माझ्या भाषा मात्र कामाला आल्या. गावाबाहेर द्राक्षांच्या वायनरी निघाल्या, तिथे परदेशी पाहुणे आले की मला बोलावतात. अंबडच्या एका कारखान्यात जर्मन यंत्रं बसवायला माणसं येणार होती, दुभाषी हवी होती. पैसे चांगले होते. मी सांगितलं, मला जर्मन येत नाही. आई घराच्या ओट्यावरून ऐकत होती. त्या गुरुवारबद्दल आम्ही दोघी मायलेकी कधीच बोललो नाही, ती जाईपर्यंत.

मैत्रिणीच्या फोनचं सांगायचं राहिलं. राहिलं नाही, टाळत होते. तीन आठवड्यांनी आला होता तो. रविवार नव्हता. दुपारची वेळ, बूथमध्ये मी एकटीच.

"तुला माहीत होतं?" तिने जर्मनमध्ये विचारलं.

मी हो म्हटलं.

मग ती मराठीत बोलायला लागली. अगदी सावकाश, आवाज न चढवता. मुंबईत तिला मिळालं ते पहिलं विमान तिने पकडलं होतं. सुटायला तासच होता, फोन करायला वेळ मिळाला नाही. ती एवढ्या लवकर पोचेल असं घरच्यांना वाटलं नव्हतं, म्हणून विमानतळावर कोणी नव्हतं. आई दवाखान्यात आहे असं मी सांगितलेलं, म्हणून ती सामानासकट थेट गावातल्या दवाखान्यात गेली.

"काउंटरवर आईचं नाव सांगितलं," ती म्हणाली. "त्या बाईने शोधलं. म्हणाली, ही बाई तर वारली. मी म्हटलं, नाय, तुम्ही नीट बघा. माझ्या मैत्रिणीने सांगितलंय, आजारी आहे. मी भांडले गं तिच्याशी. लय भांडले."

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. म्हटलं, "आमच्याकडे असं..."

"मी तुमच्याकडचीच होते ना?"

मी जर्मनमध्ये वाक्य सुरू केलं, ते मराठीतही पुरं झालं नाही.

"तू सांगितलं असतंस तर मी तिथेच पायरीवर बसून रडले असते," ती म्हणाली. "तुझ्या आईजवळ. तुम्ही दोघींनी मला धरलं असतं. इथे वडील धड रडत नाहीत. मला धरायला कोणी नव्हतं."

तिने फोन ठेवला. परत कधी केला नाही. विमानात तिला कोण धरील म्हणून आम्ही घाबरलो होतो. आम्ही दोघी तिच्यासमोर उभ्या होतो, आमचे चारही हात रिकामे होते, आणि आम्ही तिला टॅक्सीत बसवून दिलं.