स्वच्छ पाठ

माझ्या नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी रडत बसले नाही, कामाला लागले. कुवेतच्या सरकारी इस्पितळात इतकी वर्षं नर्स म्हणून परक्या माणसांच्या कुशी बदलते आहे, घरच्या माणसाची बदलायला मला कोण शिकवणार होतं? ह्यांची उजवी बाजू गेलेली, लघवीला पिशवी, बोलणं दोन-तीन शब्दांपुरतं. कुवेत सिटीतली हिशेबाची नोकरी सुटली आणि ह्यांचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, माझ्या नावावर आला.

प्रश्न माझ्या ड्युटीचा होता. मी नसताना घरी कोण? सरकारी खर्चाने घरी नर्स पाठवायची सोय आहे, असं वॉर्डात कानावर आलं. ती आम्हा बाहेरच्यांना मिळते का, यावर एक बाई हो म्हणाली, दुसरी नाही म्हणाली, आणि ऑफिसातल्या माणसाने मान अशी हलवली की दोन्ही अर्थ निघावेत. शेवटी एवढं समजलं की मी सरकारी नोकरीत आहे म्हणून अर्ज घेतील, पण आधी घरी येऊन तपासतील. नर्स मिळाली तर हे माझ्याजवळ राहणार, नाही मिळाली तर साताऱ्याला धाकट्या दिराकडे.

घरी माणसं येणार म्हटल्यावर आपल्याकडची कुठलीही बाई करेल तेच मी केलं. सलवा भागातला आमचा इवलासा फ्लॅट लख्ख केला. ह्यांची दाढी केली, अंग पुसलं, पावडर लावली, इस्त्रीची चादर घातली. कांदेपोहे केले. एक इजिप्तचे डॉक्टर आणि केरळची एक सिस्टर आली. तिने पाठ, टाचा, माकडहाड, एका कुशीवर पडून पडून जिथे जखमा होतात ते सगळं निरखून बघितलं आणि म्हणाली, "एक भी जखम नहीं. सिस्टर, आपने तो कमाल कर दिया." मी मोहरून गेले. डॉक्टरांनी पोहे मागून घेतले.

आठवड्याभरात नकार आला. प्रकृती स्थिर, घरची देखभाल उत्तम, नर्सची गरज नाही.

मी डॉक्टरांना गाठलं. म्हटलं, "सर, मी बघते म्हणून स्थिर आहेत ना? मी ड्युटीवर गेले की काय?" माणूस सज्जन होता, त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. म्हणाले, "जे दिसतं तेच आम्ही लिहितो. जखम असती, ताप असता, तर गोष्ट वेगळी." महिन्याने फेरतपासणी करू म्हणाले.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. म्हणजे मी चांगलं केलं तेच वाईट केलं? हीच पिशवी, हीच कूस इस्पितळात बदलली की नर्सिंग आणि घरी बदलली की नुसता संसार? मग आता महिनाभर काय करू, काहीच करू नको? डॉक्टरांवर चिडावं, नियमावर की स्वतःवर, तेही ठरेना. हे सगळं मी फोनवर एका मैत्रिणीला ह्यांच्या पलंगाशेजारी उभी राहून सांगितलं. माणसाला बोलता येत नाही म्हणजे ऐकूही येत नाही, असं आपण का धरून चालतो कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कूस बदलायला गेले तर ह्यांनी डाव्या हाताने पलंगाची दांडी घट्ट धरली.

"अहो, सोडा की."

"राहू दे," हे म्हणाले. पुढचे शब्द जुळवायला वेळ लागला. "होऊ दे. जखम."

मला भयंकर राग आला. राग ह्यांचा होता की आणखी कुणाचा, मला आजही सांगता येणार नाही. एकेक बोट सोडवलं आणि त्यांना वळवलं. त्या दिवशीही, आणि नंतर रोज.

फेरतपासणीत पाठ स्वच्छच निघाली.

पुढच्या महिन्यात हे साताऱ्याला जातील. धाकटी जाऊ मनापासून शिकते आहे. मी व्हिडिओ कॉलवर तिला ह्यांची कूस कशी बदलायची ते करून दाखवते. काल तिने सहज विचारलं, "ताई, एखाद्या दिवशी नाही वळवलं तर काय होतं?"

काय होतं ते मला तोंडपाठ आहे. पण हे माझ्याकडेच बघत होते. "रोज वळवायचं," एवढंच मी तिला म्हटलं.