मराठीतलं कुलूप

"अहो वन्सं, काल मीच घातलेलं कुलूप आज मलाच ओळखीना!"

"परत टाईप कर, वहिनी."

"पाचदा केलं. अक्षरंसुद्धा दिसत नाहीत मेली. अंधारात सुई ओवतेय नुसती."

ह्या वहिनीला सगळे टाकेमावशी म्हणतात. तीस वर्षं बायकांचे कपडे शिवते. मापं वहीत असायची. मागल्या आठवड्यात धाकट्या दिरानं ती वही दोस्तांपुढं मोठ्यानं वाचली आणि खिदळला. मावशीनं त्याला मोजायच्या गजानं झोडपला. मग मोबाईल दुरुस्त करणाऱ्या नणंदेकडून एवढासा जुना लॅपटॉप घेतला.

नणंदेनं त्यावर विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स टाकायला घेतलं. आतली चिप एआरएम, मोबाईलच्या गोतातली. नेहमीचं लिनक्स तिच्यावर चढेना, तिच्यापुरतं वेगळं आणावं लागलं. "हातशिवणीची सुई मशीनला चालते का? तसंच," नणंद म्हणाली. मावशीला सगळ्यातलं तेवढंच कळलं. मग अख्खी डिस्क एन्क्रिप्ट केली. परवलीचं वाक्य घातल्याशिवाय आतलं अक्षर कुणाच्या हाती लागायचं नाही. मावशीनं वाक्य ठेवलं 'आधी माप मग कात्री'. सगळी मापं आत भरली, आणि वही बादलीत भिजवून तिचा लगदा केला.

आणि आज मास्तरीणबाईंचा झगा द्यायचा होता. बाईंच्या छातीची डावी बाजू ऑपरेशनात गेलेली. माप देताना त्या भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या. "पुन्हा नको हं मापायला," एवढंच बोलल्या होत्या. मावशीनं शब्द दिला होता.

"अंदाजानं काप," नणंद म्हणाली.

"अंदाजानं गोण्या शिवतात."

नणंदेनं लॅपटॉप पुढ्यात ओढला. मग तिनं विचारलं, "वाक्य कुठल्या अक्षरांत घातलंस?"

"कुठल्या म्हणजे? मराठीत. मी काय गोऱ्या साहेबाची लेक आहे?"

"तिथंच घोळ! चालू होताना ह्याला नुसती इंग्रजी अक्षरं येतात. मराठी येतं ते कुलूप उघडल्यावर."

"मग काल घेतलं कसं?"

"काल लिनक्स टाकताना सगळं पेनड्राइव्हवरून चालत होतं, मापंही तिथूनच भरलीस. तिथं तू मराठी निवडलंस."

"म्हणजे घेताना कळतं, देताना कळत नाही! दिराच्या वळणावर गेलं की हे."

नणंदेनं पेनड्राइव्ह लावून त्यावरूनच लॅपटॉप चालू केला, मराठी कीबोर्ड निवडला. मावशीनं एका बोटानं वाक्य टिपलं. उघडलं! मग नणंदेनं तिच्याकडून इंग्रजी अक्षरांत दुसरं वाक्य घालून घेतलं.

"आता दोन्हींनी उघडेल."

"एका कुलपाला दोन किल्ल्या?"

"आणखीही करता येतात."

"मग त्याला कुलूप कशाला म्हणता, धर्मशाळा म्हणा!" मावशी डोकं खाजवत राहिली. "आणि पहिलं वाक्य खरं की दुसरं?"

"दोन्ही खरी."

"असं कसं, वन्सं?"

नणंदेनं कपाळाला हात लावला. मावशीनं नाद सोडला. मास्तरीणबाईंचं माप काढलं, डावीकडचे आकडे दोनदा ओठांत म्हटले, कापड पसरलं आणि खडूनं पहिली रेघ ओढली.